रविवारची खोली

सुमनमावशी गेल्याचं मला तिच्या विद्यार्थ्याने, कैलासने कळवलं. मी धारला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. "सर, मैडम नहीं रहीं," तो फोनवर म्हणाला. दीड महिना झाला, तरी माझा राग शमलेला नाही.

मावशी देवासच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. तुरुंगातून सुटून आलेल्यांना दहावीला बसवायचं, हे तिने ठरवलं आणि सगळ्यांच्या मागे लागली. सुटणाऱ्यांपैकी कोणाला शिकायचंय, ते तुरुंग अधिकाऱ्यांकडून काढून घेतलं. पीथमपूरच्या एका कारखानदाराला गाठून अशांना काम आणि रविवारची सुट्टी मिळवून दिली. उरली खोली. "रविवारी तुमचे वर्ग रिकामेच असतात ना रे?" तिने मला विचारलं. आमच्या खासगी कॉलेजच्या व्यवस्थापनाशी एवढं बोलायला मी तीन महिने लावले. हा राग माझा माझ्यावरच आहे.

खोली मिळाली. दर रविवारी ती इंदूरला बस बदलून देवासहून यायची. मनावरकडचा कैलास सात वर्षं आत काढून आलेला; अपूर्णांक सुटला की स्वतःशीच हसायचा. वर्षभर सगळ्यांनी शब्द पाळला. मग कॉलेजचे सचिव बदलले. एका रविवारी फाटकावरच सगळ्यांना अडवून चारित्र्याचा दाखला मागितला. कैलास माघारी वळला. मावशीने त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन सचिवांसमोर उभी राहिली.

"साहब, सज़ा तो ये काट आया. अब आप कौन-सी दे रहे हैं?"

"मैडम, हमें बाक़ी बच्चों का भी सोचना पड़ता है," ते म्हणाले.

मी शेजारीच होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर तिने दर रविवारी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली वर्ग घेतला. भर उन्हात, सत्तरीच्या बाईने. परीक्षेला दोन महिने असताना ती हृदयविकाराने गेली. शोकसभा मात्र कॉलेजच्या सभागृहात झाली! सचिवांनी तिच्या सेवाभावाचं कौतुक केलं, तेव्हा कैलास फाटकाबाहेर ताटकळत होता. मी उठलो, त्याला हाताला धरून आत आणलं आणि माईकवरून विचारलं, "कमरा कब खुलेगा?" दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली. खोलीला अजून कुलूपच आहे.

परवा कैलासला घेऊन देवासला तिचं घर आवरायला गेलो. टेबलावर शेवटच्या रविवारच्या वह्या होत्या, अर्ध्याच तपासलेल्या. मी त्या त्याच्या हातात ठेवल्या.

"ऐसे नहीं, सर. जाँच के दो."

मी तिच्या खुर्चीत बसलो. चुकलेल्या गणितावर तिने कुठेच फुली मारली नव्हती. समोर लाल शाईत फक्त 'फिर से' लिहिलेलं. कैलासच्या वहीतलं पहिलंच गणित चुकलं होतं. तिचं पेन उचललं. अक्षर वाकडं आलं... पण लिहिलं.