पांढरं मागणाऱ्याला विचारायचं नाही

आधी मावशींचं सांगतो, मग काय झालं ते. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि मीही त्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही, म्हणून नुसतं मावशी. नगरपालिकेत कारकून होत्या, आता निवृत्त आहेत. जिंतुरात त्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहतो. आज माझी नोकरी आहे ती त्यांच्यामुळे. कशी टिकली, हे मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही.

माझं गाव इथून फार लांब, चंद्रपूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. आमच्याकडे धान, इथे ज्वारी. आठवीत शाळा सोडली आणि गावोगाव साड्यांचा सेल लावणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर निघालो. मंगल कार्यालय भाड्याने घ्यायचं, गाद्या अंथरायच्या, माल खपला की पुढचं गाव. जिंतूरचा सेल उठला तेव्हा त्याने धंदाच गुंडाळला. माल टेम्पोत भरला आणि मला म्हणाला, तू आता घरी जा. घरी जाऊन काय करायचं ते कळेना, म्हणून मी रिकामं कार्यालय झाडत बसलो. झाड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मावशी आल्या. आमच्याकडून घेतलेल्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता. भांडायला माझ्याशिवाय कुणी सापडलं नाही, तेव्हा सगळं मलाच ऐकावं लागलं. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, जेवलास का. साडी घेऊन भांडायला आल्या आणि मला घेऊन गेल्या. बाजारपेठेतल्या जुन्या कापड दुकानात त्यांनीच मला लावून दिलं. अजूनही कुणी विचारलं, हा कोण, तर म्हणतात, "माझी रंग गेलेली साडी हाय ही. भरून घ्यायलेय."

दुकानात माझं काम साडी नेसून दाखवायचं. ही जुनी पद्धत आहे. पॅन्टवरूनच निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि आरशासमोर वळायचं. बायका आधी हसतात, मग पदराकडे बघतात, मग भाव विचारतात. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एकदम घ्यायला, जीप भरून माणसं आली की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाची तरी नवरी होतो.

गेल्या काही लग्नसरायांत ते कमी होत गेलं. मुली गादीवर बसायच्या आणि फोन मांडीवर. मी नेसलेल्या साडीचा फोटो काढायच्या आणि माझ्यासमोरच तसली दुसरीकडे कितीला मिळते ते शोधायच्या. मालक नुसते पंख्याकडे बघायचे. मग त्यांचा मुलगा पुण्याहून परत आला. त्याला आम्ही धाकटे मालक म्हणतो. ते म्हणाले, आता दुकान फोनवर न्यायचं. त्यांनी एक एआय आणलं. ते फोटो तयार करायचं आणि गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तरही द्यायचं. दोन्ही कामं एकच मशीन करतं की वेगवेगळी, ते मी विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसेन, असं वाटलं.

मी साडी नेसायची, धाकटे मालक फोटो काढायचे, आणि लॅपटॉपवर माझ्या मानेवर एका बाईचा चेहरा यायचा. मिशी जायची, पॅन्ट जायची, मागचं कपाट जाऊन तिथे राजवाडा यायचा. साडी तीच, निऱ्या मीच घातलेल्या, मग ही बाई कोण? माझ्या उजव्या मनगटावर लहानपणी गोंदवलेले तीन ठिपके आहेत. ते तेवढे मशीनने तसेच ठेवले. एक फोटो मी घरी आईला पाठवला. तिने बहिणीकडून विचारलं, सून कधी आणलीस. मी हसलो.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. जी साडी नेसून एकदा तिचा फोटो झाला, ती पुन्हा मला नेसावी लागणार नव्हती. म्हणजे मी रोज थोडा थोडा करून स्वतःचंच काम संपवत होतो. धाकटे मालक सहज बोलून गेले होते, "सगळा माल फोनवर चढला की तुझ्या कामाचं बघू." ते माझ्याशी वाईट कधीच वागलेले नाहीत. पण बघू म्हणजे काय? ही नोकरी गेली तर मला जिंतुरात राहायला कारण उरत नव्हतं आणि गावाकडे जायला तोंड नव्हतं.

फोटोबरोबर मालाचं नावही सांगायचं होतं. मांडणीला तुम्ही जे म्हणता तेच मोठ्याने बोल, मशीन लिहून घेतं, असं धाकटे मालक म्हणाले. मी बोलत गेलो. बस्त्याच्या, आहेराच्या, रोजच्या. आणि अगदी मागच्या मांडणीला आम्ही सगळे आपसात जे म्हणायचो तेही बोललो. दुखवट्याच्या. कुणी वारलं की पाहुणे त्या घरी कपडे घेऊन जातात, तो दुखवटा. पांढऱ्या साड्या सगळ्या त्याच मांडणीत. पण इथल्या बौद्ध घरांत नवरी लग्नात पांढरी साडी नेसते, आणि तिची साडीही तिथूनच निघते. गिऱ्हाइकासमोर ते नाव आमच्या तोंडातून कधी निघालं नाही. "मागलं काढ," एवढंच म्हणायचो.

मी दुकानात लागलो तेव्हा मालकांनी पहिली शिकवण दिली ती ह्याचीच. पांढरं मागणाऱ्याला कशासाठी म्हणून विचारायचं नाही. आधी पाणी द्यायचं. मग दोन साड्या एकदम टाकायच्या, एक जरीकाठाची आणि एक बिनकाठाची, आणि गप बसायचं. हात जिकडे जाईल त्यावरून ओळखायचं आणि पुढचं बोलणं तसं ठेवायचं. विचारलं तर दुःखातल्या माणसाला परत सगळं सांगावं लागतं, आणि लग्नवाल्यांच्या काळजात चर्र होतं.

मशीनला हे कुणी सांगितलं नाही. मला तर ते सांगायची गोष्ट आहे हेच कधी वाटलं नव्हतं.

मावशीही बौद्ध. त्यांच्या नातीचं लग्न बोरी गावच्या मुलाशी ठरलं. नवरीची साडी मुलाकडच्यांनी घ्यायची होती. मावशींनी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमचा माणूस हाय त्या दुकानात, तिथंच घ्या. मुलाच्या आत्याने आधी फोनवर बघावं म्हणून मेसेज केला, पांढऱ्या साड्या दाखवा. मशीनने लगेच उत्तर दिलं. आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, दुखवट्यासाठी पुढील साड्या पाहाव्यात. आणि खाली राजवाड्यासमोर पांढरी साडी नेसून हसणारी ती बाई.

संध्याकाळी मी खोलीवर आलो तर मावशी आत्यांनी पाठवलेला तो मेसेज उघडून ओट्यावर बसलेल्या. मला चपलाही काढू दिल्या नाहीत.

"हा हात तुझा हाय ना?"

मी ठिपके बघितले आणि हो म्हणालो.

"मग त्वांड कुणाचं?"

"मला माहीत नाही, मावशी."

"आन् आमच्यात मेलंय कोण, ते तरी माहीत हाय का?"

त्या रागावलेल्या होत्या की हसू दाबत होत्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जेवलो नाही. त्यांनी ताट आत नेलं आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ह्यावरच बोलणं. धाकटे मालक म्हणाले, नाव तर तूच बोललास. हे खरं होतं. पण मांडणीला ते नाव मी ठेवलं नव्हतं, मालकांच्या वडिलांपासून ते चालत आलं होतं, आणि जे म्हणता तेच बोल असं मला सांगितलं होतं, हेही खरं. मग चूक कुणाची? मांडणीची, माझी, की त्या मशीनची, ज्याने सांगितलं तेच ऐकलं? बोरीचे लोक हे चारचौघांत सांगणार, आणि मग बौद्ध घरांतल्या सगळ्या लग्नांचं गिऱ्हाईक आपल्या हातून जाणार, ही धाकट्या मालकांची भीती खोटी नव्हती. शेवटी ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत ये, मग दुसरीकडे बघ. मालक पंख्याकडे बघत राहिले.

मावशींना मी हे सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं, कारण माझं तोंड बघून त्यांनी विचारलंच. त्या एवढंच म्हणाल्या, उद्या दुकानात नीट कपडे घालून जा.

दुसऱ्या दिवशी त्या बोरीच्या आत्यांना घेऊन हजर. त्यांना कसं तयार केलं, ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. आत्या उंबऱ्यातच थांबल्या.

"जय भीम. दुखवट्याची गिऱ्हाइकं आलीत, बसू का?"

मालकांनी उठून हात जोडले. "जय भीम. आमची चूक झाली, बाई. बसा."

"बसतो की. तुमच्या फोनानं लगीन लागायच्या आधीच आमच्या दारी पाहुणे धाडलेत रडायला. बसून तर बघावं, अजून काय काय करायलाय."

मी पाणी दिलं. मागची मांडणी उघडली, आणि मग काय झालं ते माझं मला कळलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हातांनी दोन साड्या काढल्या आणि दोन्ही आत्यांसमोर टाकल्या. एक जरीकाठाची. एक बिनकाठाची. लग्नाच्या साडीसाठी आलेत हे मला ठाऊक होतं, सगळ्या दुकानाला ठाऊक होतं, आणि तरीही मी त्यांच्यापुढे ती कोरी पांढरी साडी टाकून बसलो होतो. आत्या त्या साडीकडे बघायला लागल्या. धाकट्या मालकांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

मावशींनी वाकून ती बिनकाठाची साडी ओढली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

"ही माझी. पौर्णिमेला विहारात जायला मी याला काढायला सांगितली व्हती. तुमी काठाची बघा."

त्यांनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं.

आत्यांनी मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, पण त्यांनी कळू दिलं नाही. जरीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाल्या, "नेसून दाखवतो म्हणं तुमचा माणूस. दाखव बरं."

मी नेसलो. पदर टाकताना बाही वर सरकली आणि मनगट उघडं पडलं. आत्यांची नजर ठिपक्यांवर थांबली.

"अगं बया, हीच का ती? फोनात बरी दिसत व्हतीस."

मालक हसले. पंख्याखाली त्यांना हसताना मी फार दिवसांनी बघत होतो. साडी ठरली, मागोमाग बाकीचा बस्ताही ठरला.

निघताना मावशी धाकट्या मालकांपाशी थांबल्या. मी गाठोडं बांधत होतो, तरी सगळं ऐकू आलं.

"तुमचं मशीन लय हुशार हाय, बोलतं चांगलं. पर त्याला गप बसता येत न्हाई. पांढरं म्हणून कुणी लिवलं की त्याला गप बसायला सांगा, आन् ह्याला फोन करू द्या."

"पण मावशी, हा तरी फोनवर काय वेगळं विचारणार?"

"काहीच विचारणार न्हाई. म्हणून तर ह्याला ठेवा."

त्यानंतर महिनाअखेरचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही.

आता तसंच चालतं. बाकी सगळ्या रंगांना मशीन उत्तर देतं, चांगलं देतं, परगावी मालही जातो. पांढऱ्याला माझा फोन वाजतो. मी त्या माणसाला फोन लावतो, दुकानाचं नाव सांगतो आणि म्हणतो, काठाची आणि बिनकाठाची, दोन्हींचे फोटो पाठवतो, बघा. मग गप बसतो. परवा सोनपेठकडचा एक माणूस बराच वेळ नुसता श्वास घेत होता. मी थांबलो. शेवटी म्हणाला, बिनकाठाची. मी बरं म्हणालो.

पण धाकटे मालक आता विचारतात, फोनवर तू नेमकं काय करतोस, चार-पाच फोन रेकॉर्ड करू या, मशीनला शिकवता येईल. त्यांचंही बरोबर आहे, दुकान चाललं तर मी आहे. मग शिकवू की नको? आणि जिथे काही बोलायचंच नसतं, ते रेकॉर्ड होईल का? मला खरंच माहीत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, जेव आधी.

ती बिनकाठाची साडी त्यांनी पैसे देऊन घेतली. दर पौर्णिमेला नेसून विहारात जातात, आणि मी बघत राहतो. आमच्याकडे कोशाच्या साड्या विणतात, जंगलातल्या रेशीमकिड्यांच्या कोशाच्या, मुळातच मधासारख्या रंगाच्या. गावाकडे जाईन तेव्हा ओळखीच्या विणकराकडून एक कोरी, न रंगवलेली घेऊन येईन. कधी जमेल ते सांगता येत नाही, पण आणून मावशींच्या मांडीवर ठेवीन. त्यांनी कितीही वेळा धुतली तरी तिचा रंग जायचा नाही.