खुराड्याचं कुलूप

ओलसर गोणपाटाचा वास आला की गिरीज गावातली आमची वाडी आठवते. नाताळ जवळ आला होता. पहाटे गारठा पडायचा, म्हणून आई कोंबड्यांच्या खुराड्यात पेंढा घालून जाळीवर गोणपाट टाकायची. तरी सकाळी गोणपाट खाली पडलेलं आणि एखादी कोंबडी गायब. नाताळसाठी राखलेल्या कोंबड्या अशा जायला लागल्यावर आईचा संशय कुंपणापलीकडच्या शेजारणीवर गेला. "हल्ली नजर चुकवते ती. उगाच नाही," आई म्हणायची. एका पहाटे ती मला घेऊन केळीआड दबा धरून बसली. उजाडलं तर पलीकडे शेजारीणही काठी घेऊन उभी, नजर आमच्यावरच. "माझ्यापण गेल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच." तेवढ्यात फाटक्या जाळीतून एक रानमांजर निघून पळालं. दोघी ओशाळून हसल्या, आमच्या ओट्यावर चहा झाला. दुपारी आईने जाळी शिवली आणि संध्याकाळी खुराड्याच्या दाराला कुलूपही घातलं. "आता कुलूप कशाला?" मी विचारलं. "जाळी मांजरासाठी," कुंपणाकडे बघत ती म्हणाली. पुढे कित्येक वर्षं त्या दोघी रोज कुंपणाशी गप्पा मारायच्या, आणि किल्ली आईच्या कमरेला असायची. आईला तिच्याबद्दल नक्की काय वाटायचं, ते मला आजही सांगता येत नाही.