वाकलेल्या पिना आणि सुमनचा चष्मा

मी फरशीवर बसून सुमनच्या साडीच्या निऱ्या धरल्या होत्या. सुमन म्हणजे माझी बायको. साडी कडक कॉटनची, त्यामुळे निऱ्या खाली फुगत होत्या. कम्युनिटी हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर डांबर मऊ होईल असं ऊन. इकडं परदेशात, डँडेनॉन्गला, ऋतू उलटे; संक्रांत भर उन्हाळ्यात येते.

"अहो, ओढू नका. बसवा."

"बसवतोयच की."

"ओढताय तुम्ही. साडी आहे ती, म्हशीचं दावं नाही. दिसतंय का काही?"

दिसत नव्हतं. आदल्या दिवशी मी चष्मा सोफ्यावर ठेवला होता आणि मग त्याच्यावरच बसलो होतो. तिनं केसांत खोचलेला स्वतःचा जवळचा चष्मा काढून माझ्या नाकावर चढवला. "हा घ्या. आणि सोमवारी जाऊन डोळे तपासून या."

मी निऱ्या बसवल्या, ती गेली. थोड्या वेळानं हॉलवरून फोन. "माझा चष्मा तुमच्याच नाकावर राहिला की हो. मला वाण काय मिळालंय ते पण दिसेना."

त्याच संध्याकाळी ती हॉलमध्ये कोसळली. हॉस्पिटलमधून घरी आली नाही. चष्मा माझ्या खिशात राहिला. सोमवारी मी डोळे तपासायला गेलो नाही, नंतरही गेलो नाही. हिवाळा आला तरी तोच चष्मा लावून लोकांचे कॉम्प्युटर जोडत राहिलो. ही गोष्ट त्यातल्या एका कॉम्प्युटरची.

मी शिकलेला माणूस नाही. शाळा सातवीत सुटली. इचलकरंजीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. मुलीनं इकडं आणल्यावर घरात बसवेना, म्हणून फॉस्टर स्ट्रीटजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मागच्या बेंचवर काम धरलं. मालक अमेय, पुण्याचा पोरगा, इथं शिकायला आला आणि राहिला. मला काका म्हणतो आणि रागावतो मात्र बापासारखा.

सुमन गेल्यापासून माझी मुलगी वैशाली मागं लागली होती. ती आता नोकरीसाठी सिडनीला, पॅरामॅटात असते. "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन. काम सोडा, इकडे या. खोली तयार आहे." तिनं अमेयलाही सांगून ठेवलं होतं, काकांच्या हातून कामात घोळ व्हायला लागला की मला लगेच कळव. म्हणजे एक घोळ, आणि मी पॅरामॅटाच्या सोफ्यावर. मला घर सोडायचं नव्हतं. मागच्या अंगणात कुंडीत सुमनचा कढीपत्ता आहे, त्याला पाणी कोण घालणार?

तर मेघना म्हणून एक मुलगी आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तिच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर सगळे भाग जोडतात ती मोठी पाटी, जळाला होता. प्रोसेसर चांगला होता. पण त्या मॉडेलचा प्रोसेसर आता दुकानात मिळत नाही. तो जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवायचा, एवढंच काम. आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, ती न्यायला येणार होती.

प्रोसेसर म्हणजे सगळे हिशेब करणारा बिस्किटाएवढा चौकोन. ह्या जातीच्या प्रोसेसरला पोटाखाली केसांच्या ब्रशसारख्या बारीक सोनेरी पिना असतात, हजारावर. त्याच्या डोक्यावर कूलर, म्हणजे पंखा आणि धातूचा ठोकळा. दोघांच्या मध्ये उष्णता वाहून न्यायला पेस्ट लावतात. ही पेस्ट वर्षानुवर्षं वाळली की तिचा डिंक होतो. म्हणून कूलर काढताना हेअर ड्रायरनं गरम करायचा, हळूच डावीउजवीकडं फिरवायचा, मग उचलायचा. हे मी दुकानातल्या प्रत्येकाला शिकवलंय.

मी स्वतः काय केलं? ओढला.

टक्क आवाज झाला आणि कुत्र्याच्या कानाला गोचीड चिकटावी तसा प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला. मी तो सोडवला, खालून बघितला. सगळं सोनेरी दिसलं. सोनेरी म्हणजे चांगलं, असं धरून मी नव्या बोर्डावरची, प्रोसेसर पकडून ठेवणारी छोटी दांडी वर केली आणि प्रोसेसर ठेवला. दांडी वर असली की तो आपल्या वजनानं भोकांत उतरतो, जोर लावायचाच नसतो. हा उतरेना. मग मी अंगठ्यानं थोडासा दाबला. थोडासा म्हणजे, इचलकरंजीत टीव्हीला मुंग्या आल्या की वरून थाप मारायचो, तितका.

"काका, काय करताय?" अमेय मागं उभा.

"बसवतोय."

"दाबताय तुम्ही."

त्यानं प्रोसेसर उचलून मोबाइलनं फोटो काढला, मोठा करून माझ्यासमोर धरला. एका कोपऱ्यातल्या पिना वादळानंतरच्या उसासारख्या आडव्या.

"काका, हे सगळं झोपलंय."

"सगळं नाही. एक कोपरा."

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं असतं तर दाबलं असतं का?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "हा लेडीज चष्मा आहे ना?"

"चष्म्यात लेडीज-जेंट्स नसतं."

"काका, दांडीवर फुलं आहेत."

त्याचा अंगठा मोबाइलवर फिरायला लागला. कुणाला फोन करणार ते मला कळलं. म्हटलं, "मेघना येईपर्यंत थांब. नाही जमलं तर वैशालीला मीच फोन करतो, आणि बॅगही भरतो."

त्यानं मोबाइल खिशात टाकला. "एक पिन जरी तुटली ना काका, तर संपलं."

"ते मीच शिकवलंय तुला."

वाकलेली पिन सरळ करायला खटक्याची पेन्सिल घ्यायची आणि तिच्यातलं शिसं काढून टाकायचं. टोकाची रिकामी नळी पिनेवर चढवायची आणि पिन हळूहळू उभी करायची. पहिल्या दोन उभ्या राहिल्या. तिसरीला मी घाई केली. नळी चढवली आणि ओढायला लागलो. पिन मुळातून हलतेय असं हाताला वाटलं.

ओढू नका. बसवा.

कुणाचा आवाज ऐकू आला वगैरे नाही. मी तसला माणूस नाही. पण हात थांबला.

मग मी आणखी एक काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. प्रोसेसर पार नाकाजवळ आणला. सुमनचा नंबर माझ्यापेक्षा जास्त होता. इतके महिने मी तो चष्मा लावून वस्तू माझ्या सवयीच्या अंतरावर धरत होतो, आणि वर म्हणत होतो की दुकानात उजेड कमी आहे. अमेयनं बिचाऱ्यानं माझ्यासाठी दोन दिवे लावले होते. नाकाजवळ धरल्यावर एकेक पिन विजेच्या खांबाएवढी दिसली.

आता काम निऱ्यांसारखं झालं. एक पिन सरळ धरायची, बाकीच्या तिच्या ओळीत आणायच्या. ओळींच्या मधून पातळ प्लॅस्टिकचं कार्ड सरकवायचं आणि अडलं की थांबायचं. एकीकडून बसवलं की दुसरीकडं फुगतं, तिकडं जायचं. मान आखडली. अमेय चहा ठेवून गेला, तो गार झाला.

शेवटी दांडी वर केली, प्रोसेसर ठेवला आणि हात मागं घेतला. तो आपला आपण उतरला. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. मी मनात एक बॅग भरली. मग पडद्यावर अक्षरं आली.

मेघना आली. "काका, ऑल गुड?"

अमेय माझ्याकडं बघत होता. मी सांगून टाकलं, "पिना वाकवल्या होत्या मी. सरळ केल्या. बंद पडला तर इथंच आण आणि माझ्या नावानं ओरड."

तिनं आधी एक व्हिडिओ उघडून बघितला. नवरी हसताना दिसली. "चालतोय ना, मग नो वरीज," म्हणाली आणि घेऊन गेली.

अमेय म्हणाला, "वैशालीताईला मी काही सांगत नाही. पण उद्या सकाळी दुकानात यायचं नाही."

"काढलंस मला?"

"डोळे तपासायचे. मग यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्त्याला पाणी घातलं आणि चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईनं सुमनचा चष्मा मशीनवर धरला आणि हसली.

"दीज आर नॉट युअर्स, आर दे?"

"माय वाइफ्स."

"शी'ल बी वॉन्टिंग देम बॅक."

मी म्हटलं, "नो वरीज."

तर नव्यानं हे काम शिकणाऱ्यांसाठी सांगतो. कूलर ओढायचा नाही, प्रोसेसर दाबायचा नाही, आणि पिना बघताना आपल्या नंबरचा चष्मा लावायचा. माझा यायला आठवडा लागणार आहे. तोवर अमेयनं मला पंख्यांची धूळ पुसायला बसवलंय. त्या कामाला कुणाचाही चष्मा चालतो.