'अडकलंय'च्या खणातला मालकाचा कप

ही माझी बहीण आहे, हे आधीच सांगून टाकतो. सख्खी, पाठची. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा परक्याचं कौतुक आपल्या नावावर खपवतोय. तिला सायकल मी शिकवली, शिट्टी मी शिकवली आणि ती कामाला आहे तो खुर्च्यांचा कारखाना ज्याच्या जोरावर चालतो तो फळाही मीच रंगवलाय. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा सातवीत सोडली, पण अक्षरात माझा हात धरणारा अजून मला भेटायचाय. असो, गोष्ट तिची आहे.

त्या कारखान्यात आधी काय चालायचं ते ऐका. रोज सकाळी मालक केबिनमधून बाहेर यायचे आणि विचारायचे, "खुर्च्या कुठवर आल्या?" सगळे एका सुरात म्हणायचे, "होतंय." 'होतंय' हाच त्या कारखान्याचा खरा माल होता, खुर्च्या आपल्या जोडधंदा.

बहीण तेव्हा पॅकिंगला होती. तयार खुर्ची शेवटी तिच्याकडे यायची, म्हणजे यायला हवी होती. ती बसायची रिकाम्या खोक्यांकडे बघत. शेवटी वैतागली आणि मालकांकडे जाऊन एक भिंत मागितली. मालकांना वाटलं कॅलेंडर लावायचं असेल, दिली.

मग मी गेलो. भिंतीवर फळा ठोकला, त्यावर चार उभे खण पाडले आणि वर लिहिलं: यायचंय, चालू, अडकलंय, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढे. ही सगळी अक्कल तिची. अक्षर मात्र माझं, आणि अक्षर चांगलं नसतं तर त्या फळ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

पण माणसं बिलंदर. पॉलिशवाला तर डब्याचं झाकण उघडायच्या आधीच आपली चिठ्ठी 'झालं'मध्ये नेऊन डकवायचा आणि बिडी ओढायला जायचा. बहिणीने थोडे दिवस बघितलं आणि एका सकाळी सगळ्या चिठ्ठ्या काढून फेकल्या. त्या जागी हूक ठोकले आणि हुकांना लोकांचे चहाचे कप टांगले.

नियम सोपा. ज्याचं काम ज्या खणात, त्याचा कप त्या खणात. 'अडकलंय'मधून कप घ्यायचा तर फळ्यासमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, का अडकलंय ते सांगायचं. मगच चहा. किटली फळ्याखालच्या स्टुलावर, आणि किटलीवर हिचा डोळा.

पहिला बळी पॉलिशवाला.

"बोला," बहीण म्हणाली.

"ब्रश धुतले नाहीत."

"का नाही धुतले?"

"कंटाळा आला."

अख्खा कारखाना हसला. त्यालाही हसू आलं, मग जाऊन निमूटपणे ब्रश धुतले. दुपारी त्याचा कप 'चालू'मध्ये. मोठे मिस्त्री, म्हणजे सुतारांचे म्होरके, जास्त हुशार निघाले. त्यांनी घरून स्टीलचा पेला आणून हत्यारांच्या पेटीत लपवला. बहिणीने पेला शोधला आणि तोही सुतळी बांधून कपाशेजारी टांगला. तेव्हापासून लोक तिला फळाताई म्हणतात. तोंडावर ताई, पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण 'होतंय' बंद झालं, आणि मालकांनी तिला खोक्यांवरून उठवून फळ्यावरच नेमलं.

मग एका सभागृहाची मोठी ऑर्डर आली. खुर्च्या ठोकून, घासून तयार, पण उघड्याबोडक्या. पॉलिशला रंग कुठला ते कुणालाच माहीत नाही.

"कुणाकडे अडकलंय?" बहिणीने विचारलं.

मोठ्या मिस्त्रींनी हनुवटीने केबिन दाखवली.

ती सरळ केबिनमध्ये गेली. मालक बाहेर गेले होते. त्यांचा कप पांढरा, सोनेरी काठाचा, मेहुण्याने दिलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. तिने तो उचलला, धुतला आणि 'अडकलंय'मध्ये टांगला.

मालक आले, तेव्हा मशीनसुद्धा हळू चालत होतं म्हणे.

"हा इथे कुणी टांगला?"

"मी."

"मी मालक आहे ना इथला?"

"म्हणून तर धुऊन टांगलाय."

मालक लाल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहवाले स्वतः कारखाना बघायला येणार होते, आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'अडकलंय', खाली मालकाचा कप. ते म्हणाले, "हे बघ, उद्या हा कप इथे दिसला तर फळा गोदामात आणि तू परत खोक्यांवर. आणि सकाळी तुझ्या भावाला बोलव. तो घाणेरडा शब्द पुसून 'प्रगतिपथावर' लिही म्हणावं."

संध्याकाळी ती घरी आली. पिशवीतून डबा काढला, मागोमाग रुमालात गुंडाळलेला स्वतःचा कप काढला. मी बघितलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते.

आई म्हणाली, "काढ की गं तो कप. मालक आहेत ते."

"त्यांचा काढला तर उद्या पॉलिशवाला म्हणेल माझाही काढ. मग उरलं काय? भिंत."

"आणि खोक्यांना चिकटपट्टी लावत बसशील परत."

"बसेन," ती म्हणाली. पण जेवली नाही धड.

मी म्हटलं, "मी काही तो शब्द पुसणार नाही. आणि 'प्रगतिपथावर' त्या खणात मावतही नाही. मालकांना शब्दांची रुंदी कळत नाही."

"दादा, तू जा. तू नाही गेलास तर ते दुसऱ्याला बोलावतील, आणि तो वेडंवाकडं काहीतरी करून ठेवेल."

हे मला लागलं. जिला शिट्टी शिकवली ती मला बरोबर कुठे टोचायचं ते जाणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा-ब्रश घेऊन तिच्याबरोबर निघालो. कारखान्यात शिरलो तर मशीन बंद, आणि 'अडकलंय'मधला तो हूक रिकामा. बहीण जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, संपलं.

मग दिसलं. सगळे कारागीर फळ्यासमोर गोळा झाले होते आणि मधोमध मालक, हातात तो सोनेरी काठाचा कप. रिकामा. नापास झालेल्या पोरासारखे उभे. ते गुपचूप कप काढायला गेले आणि कारागिरांनी मशीन बंद करून त्यांना तिथेच अडवलं, हे मला मागाहून कळलं.

"बोला मालक," मोठे मिस्त्री म्हणाले. "चहा निवतोय."

मालकांनी घसा खाकरला. "सभागृहवाल्यांनी रंगाची पट्टी दिली होती नमुन्याला. माझ्याकडून हरवली. परत मागायची लाज वाटली."

पॉलिशवाला म्हणाला, "एवढंच होय? मला वाटलं तुमचेही ब्रश धुवायचे राहिलेत."

असा हशा पिकला की पत्रे वाजले. मालकही हसले, जरा उशिरा. बहीण पुढे झाली, किटली उचलली आणि त्यांच्या कपात स्वतः चहा ओतला. ती कुणाला ओतून देत नाही, मलाही नाही.

"दुपारी येतायत ना ते, तेव्हा मागून घ्या," ती म्हणाली.

"हरवली कशी विचारतील."

"मग सांगा. आता सवय झालीय तुम्हाला."

मालकांनी घोट घेतला आणि त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली. मी विचारलं, "पुसायचं का?"

त्यांनी फळ्याकडे बघितलं. "नको. फिकट झालंय ते. दाट कर."

मी शिडीवर चढलो. खाली बहिणीने पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि आपला कप 'चालू'मध्ये टांगला. मी 'अडकलंय' असं गिरवलं की आता रस्त्यावरून, फाटकाबाहेरूनसुद्धा वाचता येतं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.