एकबाही अक्का

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हाती घेतलेलं काम पुरं झालेलं मी कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. आमच्या राहू गावात त्या ब्लाउज शिवायच्या. शिवण इतकी सुबक की बाया लांबून कापड घेऊन यायच्या, पण नेताना ब्लाउजला बहुधा एकच बाही असायची. मागून सगळ्या त्यांना ‘एकबाही अक्का’ म्हणायच्या. त्यांच्या कानावर ते फारसं येत नसावं. माझ्या मात्र यायचं, कारण गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवायचं काम माझ्याकडं होतं.

“हे एवढं करते आन् येतेच,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरी बाही लावायला बसल्या की दोरा संपायचा. दोऱ्यासाठी कपाट उघडलं की सगळं कपाटच आवरायला निघायचं. त्यात एखादा जुना फोटो सापडला की तो पुसायला ओलं फडकं हवं. फडक्यासाठी स्वयंपाकघरात जावं तर दूध उतू गेलेलं. तेही त्यांनीच ठेवलेलं. संध्याकाळी घरभर पसारा आणि बाही तशीच. मी चिडले की म्हणायच्या, “सुजाता, दिवसभरात टेकले तरी का गं मी?” टेकल्या नव्हत्या, हेच तर दुखणं होतं!

कवठे येमाईला चुलत नणंदेचं लग्न होतं. नवरीचा ब्लाउज अक्कांकडं. मी आधीपासून मागं लागले होते. “एका बैठकीचं तर काम हाय,” म्हणायच्या. निघायच्या सकाळी जीप दारात उभी राहिली, तेव्हा अक्का मशीनला तेल घालत बसल्या होत्या. मग हेलकावणाऱ्या जीपमध्ये मी बाही हातानं टाचली. हार घालताना नवरीनं हात फार जपून उचलला. थोरले दीर सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “हिचं संसारात ध्यानच न्हाई.” घरी आल्यावर अक्कांनी मशीनवर चादर टाकली, ती कित्येक महिने काढलीच नाही.

त्यांची लेक प्राची तेव्हा नववीत होती. तिचं वर्गात लक्ष टिकत नाही, म्हणून शाळेतल्या बाईंनी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. सोबत मी गेले, नाहीतर अक्का भलत्याच गाडीत चढल्या असत्या. डॉक्टर मुलीबद्दल विचारत होत्या. कामं अर्धवट राहतात का? वस्तू हरवतात का? वेळेचा अंदाज चुकतो का? प्रत्येक वेळी मुलीआधी आईच “व्हय” म्हणत होती.

शेवटी अक्कांनीच विचारलं, “म्याडम, ह्ये मोठ्या बायांना पण असतंय?”

“असतं की. एडीएचडी म्हणतात त्याला. लहानपणापासूनच असतं, मोठेपणीही राहू शकतं. हा आळस नव्हे. काय करायचं ते कळतं. पण सुरू करणं, त्यावर टिकून राहणं, संपवणं जड जातं.”

अक्का रडायलाच लागल्या. “मला वाटायचं, मीच वाईट हाय.”

पुढं त्यांचीही रीतसर तपासणी झाली, तेच निघालं आणि मशीनवरची चादर उतरली. मला वाटलं, आता सुटले. कसलं! डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोर एकच काम ठेवा, बाकीचं नजरेआड करा, मोबाइलचा गजर लावा आणि जवळ कुणाला तरी बसवा. ते कुणीतरी म्हणजे मी. “तू नुसती बस. बोलू नको,” अक्का सांगायच्या. मी लसूण सोलत बसायची. घरात खायला लागणार नाही इतका लसूण सोलून झाला. गजर बंद करून त्या विसरायच्या, म्हणून मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. कात्री सापडेना, म्हणून ती दोरीनं मशीनलाच बांधली. एक युक्ती थोडे दिवस चालायची, मग तिची सवय होऊन ती निकामी व्हायची, की पुन्हा नवी शोधा! माझा जीव मेटाकुटीला आला. पण ब्लाउजांना दोन्ही बाह्या येऊ लागल्या.

दहावीनंतर प्राचीनं पाबळला तांत्रिक शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तिला हॉस्टेलवर सोडायला गेलो, तर पोचल्या पोचल्या तिला पेटीची किल्ली सापडेना. दिरांनी तोंड उघडलं, “आईवरच गेली—”

“तिला बोलू नगा,” अक्का म्हणाल्या. “किल्ली शोधू लागा.”

दिरांनी वाकून गादी उचलली. किल्ली सापडल्यावर अक्कांनी ती नाडीत ओवून लेकीच्या गळ्यात घातली. “परत हरवंल. हरवली तर शोधायची. स्वतःला शिव्या द्यायच्या न्हाईत.”

दीर मोटारसायकलवरून परस्पर कामावर गेले. आम्ही दोघी एसटीनं निघालो आणि शिक्रापूरला गाडी बदलायला उतरून थांब्याच्या बाकावर टेकलो. बघते तर अक्कांचे दोन्ही हात मोकळे! त्यांची पिशवी हॉस्टेलवरच राहिली होती. एरवी त्या रडकुंडीला आल्या असत्या. त्या दिवशी चौकात उभ्या राहून पोट धरून हसायला लागल्या. मी कपाळावर हात मारला आणि पाबळची गाडी कुठं लागते ते विचारायला तरातरा निघाले.

मागून हाक आली, “अगं सुजाता, तुझी पर्स घे! बाकावरच ऱ्हायली!”