बाजूला बसण्याचं सोंग

माझं पोट दोनदा पडलं होतं, आणि दोन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात. दोन्ही वेळा बातमी आधीच गावभर झालेली. तिसऱ्या महिन्यात गरोदर बाईला गुपचूप द्यायची ती हिरवी चोरचोळी. पण आमच्या गावात गुपचूप काही होईल तर शपथ! कापड शिवायला टाकलं, शिंप्याच्या बायकोला कळलं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या पाणवठ्याला कळलं. चोळी अंगात घालायच्या आत सगळं संपलं, आणि मग त्याच बायका चुकचुकत माझ्याकडे बघायला आल्या. मला त्यांचा इतका राग यायचा की कुणी घोटभर पाणी मागितलं तरी मी भांडं आपटूनच द्यायची.

मी सांगलीची, हळदीच्या दुकानदाराची मुलगी. दिलं साताऱ्याकडच्या ऊसवाल्या शेतकरी घरात. नवरा पलटणीत. लढाईचे दिवस होते, तरी त्या दिवाळीला त्यांना रजा मिळाली. ते परत गेले आणि माझ्याकडे डोळे लागले, घरातल्यांचे कमी, शेजारणींचे जास्त. आमच्या घरात देवाचं फार कडक. पाळी आली की बाईनं गोठ्याशेजारच्या पडवीत कांबळ्यावर तीन दिवस बसायचं, कुणाला शिवायचं नाही. पडवी रस्त्यावरून दिसायची. त्यामुळे कोण बसली आणि कोण बसली नाही हे न विचारताच कळायचं.

मार्गशीर्षात माझी पाळी चुकली. चार दिवस वाट बघून मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बोलणं फटकळ आणि माया दाखवायची तर जणू चोरी. त्या परकराच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी पुरी केली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कांबळं घे आन् पडवीत जाऊन बस."

"अहो, पण मी तर..."

"कळलं मला. म्हनूनच म्हंते बस. ह्या खेपंला कुनाची नजर पडाय नगं."

ज्या बाईनं शिवाशिवीवरून मला तीन वेळा आंघोळ करायला लावली होती, तीच आता खोटं बसायला सांगत होती! मी भीतभीत विचारलं, देवाला चालेल का? "देवाला सांगितलंय मी," त्या म्हणाल्या, "देव काय आपल्या गावच्या बायांगत हाय व्हय?"

मग काय, बसले. सासूबाईंनी सोंग असं वठवलं की मलाच क्षणभर खरं वाटावं. रस्त्यानं कुणी चाललं की मोठ्यानं ओरडायच्या, "बसली म्हाराणी! आता पानी मीच वडायचं, दळान बी मीच घालायचं." आणि खरोखरच पाणी त्या ओढत, दळण त्या घालत. त्यांचे गुडघे धरलेले असायचे. मी मात्र कांबळ्यावर पाय पसरून. ताट लांबून सरकवायच्या, पण त्यात भाकरीखाली लोण्याचा गोळा दडवलेला असायचा. चौथ्या दिवशी मी मुद्दाम अंगणात, चारचौघींना दिसेल अशी डोक्यावरून न्हायले.

ताट सरकवता सरकवता त्या हळूच सांगायच्या, पोर आता केवढं झालं ते. पहिल्या खेपेला म्हणाल्या, "आत्ता आसंल जुंधळ्याच्या दान्याएवढं." पौषात पुन्हा बसायची पाळी आली ती नेमकी संक्रांतीला. बायका वाण घेऊन आल्या, मला लांबून बघितलं, एकमेकींना कोपर मारलं आणि गेल्या. मी चिडून रडले. तर सासूबाईंनी सुगडातलं एक बोर माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "रडू नगं. एवढं झालंय बग."

मी ते बोर कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसले. एवढं! मग मला चेव आला. रोज काहीतरी विचारायचे. बोटं आली असतील का? नाक? "नाक येऊंदे सावकाश," त्या म्हणायच्या, "तुज्यागत शेंड्यावर राग घिऊन आलं न्हाई म्हंजे मिळवली." मी एकटी असले की पोटावर हात ठेवून त्याच्याशी बोलायचे. पोट अजून सपाटच होतं. पण मला ते पोर दिसायचं. मागच्या दोन्ही वेळी मी असं बघितलं नव्हतं, घाबरून बघायचंच टाळलं होतं. आता मात्र जीव जडला होता, आणि तेच भीतीचं होतं.

माघात तिसऱ्यांदा बसले. हा शेवटचा महिना, एवढा निभावला की सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. त्याच वेळी फलटणहून सासूबाईंची थोरली नणंद आली. सासूबाई त्यांना वन्सं म्हणत आणि त्यांच्यापुढं सहसा तोंड उघडत नसत. वन्संनी मला पडवीत बघितलं आणि ओसरीवर बसकण मारून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विषय काढला.

"पोरगं रजा काढून आलं, तरी ही बसलीच व्हय? वैनी, आता वाट किती बगायची? माज्या दिराची ल्येक हाय. दुसरी करून टाकू. हिला काय घालवायची न्हाई, ऱ्हाईल की ही बी."

राहील की ही बी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, आता सासूबाई सांगतील, एका वाक्यात हिचं तोंड बंद करतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "बगू की, वन्सं." दुसऱ्या दिवशीही तेच, बघू. तिसऱ्या दिवशी दुपारी वन्सं मुलीचे गुण सांगायला लागल्या, तशी मी ताडकन उठले. म्हटलं, गेली ती नजर खड्ड्यात, आता मीच सांगते.

उठले आणि पायाला ओलं लागलं. खाली बघितलं तर रक्त.

सोंग खरं झालं होतं. मी हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही. सासूबाई पडवीच्या उंबऱ्याशी आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न विचारता सरळ आत येऊन मला दोन्ही हातांनी धरून खाली निजवलं. माझं डोकं मांडीवर घेतलं.

वन्सं मागून ओरडल्या, "आगं, शिवलीस की तिला! आता देवाला दिवा कोन लावनार?"

"तुमी लावा," सासूबाई म्हणाल्या. "माजं नातवंड हाय तिच्या पोटात."

वन्सं जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग पदर खोचून त्या आत आल्या, माझे पाय उचलून त्यांनी खाली पेंढ्याचा भारा सरकवला आणि तळव्यांना चोळत बसल्या. म्हणजे त्याही शिवल्या. त्या संध्याकाळी आमच्या देवाला दिवा लागलाच नाही.

वन्सं राहिल्या. स्वयंपाक त्यांनी हातात घेतला. मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. फक्त एकदा कुरकुरल्या, "मला सांगितलं आसतं तर मी काय गावभर बोंबलत फिरले आसते?" "व्हय, फिरला आसता," सासूबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

रक्त काही दिवसांनी थांबलं. पण थांबलं म्हणजे पोर राहिलं, की आतल्या आत गेलं, हे कोण सांगणार? सुईण म्हणाली, वाट बघा. सासूबाई आता केवढं झालं ते सांगेनाशा झाल्या. मी विचारलं की म्हणायच्या, "गप पड." मीही पोटाशी बोलणं सोडून दिलं. फाल्गुन असाच गेला. मी छपराकडे बघत पडून असायची आणि त्या पाणी ओढत असायच्या.

चैत्रात एका सकाळी आत काहीतरी फडफडलं. मला वाटलं पोटात वारा धरला. पुन्हा फडफडलं. "आत्याबाई! आवं, हिकडं या!" त्यांची भाषा माझ्या तोंडून कशी निघाली कोण जाणे. त्या जात्यावरून उठून आल्या, पिठाचे हात तसेच. मी त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. काहीच नाही. मी रडवेली झाले. "ऱ्हाऊंदे, थांबू की," म्हणत त्या खाली बसल्या आणि हात तसाच ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते हललं, त्यांच्या हाताखाली, चांगलं स्पष्ट.

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याआदीची माजी तीन. एक बी हितपातूर आलं न्हवतं."

एवढी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. दळण दुपारपर्यंत तसंच राहिलं.