गाठबाईंच्या मुलाचं कार्ड

गाठबाईंचं खरं नाव त्यांच्या विजेच्या बिलावर असेल तेवढंच. बाकी सगळी गल्ली त्यांना गाठबाई म्हणायची, कारण तीस वर्षं त्या लोकांच्या लग्नगाठी मारत आल्या होत्या. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर फोन, आणि फोनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन डबे. हिरव्यात मुलगे, लालमध्ये मुली. या डब्यातलं कार्ड काढायचं, त्या डब्यातल्या कार्डाशेजारी धरायचं, मान हलवायची, की झालं लग्न. चारशेच्या वर लावली म्हणून सांगायच्या. त्यातली मोडली किती, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

कार्ड भरून घेण्याची बाईंची एक पद्धत होती. वरच्या अर्ध्या भागात वय, उंची, शिक्षण, नोकरी. खालच्या अर्ध्या भागात एक मोठा चौकोन, 'माझ्या अपेक्षा'. हा चौकोन ज्याचं लग्न त्यानेच भरायचा, स्वतःच्या हाताने. बिचारी पोरं पेन चावत, घाम पुसत भरायची. बाई "छान हं, छान" म्हणायच्या, आणि पोराची पाठ वळली रे वळली की तो खालचा भाग न वाचताच मागे दुमडून, फोटोसकट दोन पिना ठोकून टाकायच्या. "पोरांना काय कळतंय कपाळ! अपेक्षा आईला विचाराव्यात." मग कशाला हवा तो चौकोन? तर पोरांना बरं वाटावं म्हणून.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो बघा. या बाईंचा स्वतःचा एकुलता एक मुलगा एकतिसाव्या वर्षी बिनलग्नाचा. लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी पाना, टेस्टर, ग्रीसचा डबा पिशवीत टाकून जायचा, संध्याकाळी काळ्या बोटांनी घरी यायचा, साबणाने हात घासायचा, आईच्या पायाला मलम चोळून द्यायचा. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून घरातलं सगळं जड काम त्याचंच. व्यसन नाही, उधळेपणा नाही. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी त्याचंही कार्ड भरून घेतलं होतं आणि हिरव्या डब्यात सगळ्यांत पुढे ठेवलं होतं. सत्तावीस मुली दाखवल्या. हा प्रत्येकीशी गोड बोलायचा, तिला कोपऱ्यापर्यंत सोडून यायचा आणि घरी येऊन "नको" म्हणायचा.

"का नको? काय खोट आहे तिच्यात?"

"तिच्यात काही नाही."

"मग तुझ्यात आहे?"

"माझ्यातही नाही, आई."

यावर काय डोकं आपटणार? धाकटी बहीण फोनवर खिजवायची, "ताई, लोकां सांगे ब्रह्मज्ञान हं!" गिऱ्हाइकं तोंडावर बोलायची नाहीत, पण टेबलासमोर बसली की आतल्या खोलीकडे एक नजर टाकायचीच. आणि बाईंना ती नजर जिव्हारी लागायची. खरं सांगायचं तर मुलाच्या लग्नापेक्षा ती नजर त्यांना जास्त छळायची. पण हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

अठ्ठाविसाव्या मुलीची तारीख ठरली त्या दिवशी मुलगा कधी नव्हे तो चिडला. पिशवी दारातच आपटली.

"आई, कंपनी दोन वर्षं मागे लागलीय, दुसऱ्या शहरात जा म्हणून. तुझ्यासाठी मी नाही म्हणत आलोय. एकच मागणं आहे. माझं कार्ड त्या डब्यातून काढ. आणखी एक माणूस माझ्यासाठी या खोलीत आणून बसवलंस ना, तर मी निघालो."

"धमक्या कुणाला देतोस रे? कारण सांग. कारणाशिवाय कार्ड निघत नसतं."

"तुला कितीदा सांगू? लेखीसुद्धा दिलंय."

"काय लेखी दिलंयस? काही दिलेलं नाहीस."

 मुलाने टेबलावरचा कोरा कागद ओढून लिहायला घेतलं. चांगले नऊ शब्द लिहिले, प्रत्येकापुढे एकेक ओळ. लिफ्टमधल्या सूचना लिहाव्या तशा सुटसुटीत.

"हे बघ. माणूस बाई की पुरुष, की दोन्हीतलं काहीच नाही, हा एक प्रश्न. जन्माला आल्यावर दवाखान्यात जे लिहिलं, तेच ज्याला आतूनही पटतं, त्याची गोष्ट वेगळी. ज्याला पटत नाही, तो ट्रान्स. आणि मन कुणाकडे ओढ घेतं, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही."

"तीस वर्षं मी दोन्ही प्रश्न एकाच कार्डावर सोडवतेय."

"तेच तर. आता दुसऱ्याची उत्तरं. पुरुषाला पुरुष आवडला, बाईला बाई आवडली, तर समलिंगी. दोघंही आवडू शकत असतील, तर उभयलिंगी. आणि हा शब्द बघ. अलैंगिक. ज्याला कुणाकडेच तशी ओढ वाटत नाही." त्याने शब्दावर बोट ठेवलं. ग्रीसचा ठसा उमटला. "हा मी."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. ठणठणीत आहे."

"मग हे थेर आहेत! तुझ्या बापाच्या सात पिढ्यांत कुणाला झालं नाही ते."

"झालं असेल. त्यांचं लग्न तुझ्यासारख्या कुणीतरी लावून दिलं असेल."

घ्या! बाईंनी फुलपात्र आपटलं, मुलगा जेवला नाही, आणि पुढचे चार दिवस घरात कपबशांशिवाय कुणी आवाज केला नाही.

पण बाई कागद फाडणाऱ्यातल्या नव्हत्या. कार्ड वाचावं तसा त्यांनी तो कागद चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचला. एकदा नाही, दहादा. शब्द कळायला त्यांना अवघड गेलं नाही. डोकं तल्लख होतं त्यांचं, नाही म्हणू नये. समलिंगी म्हणजे काय, ट्रान्स म्हणजे काय, दोन्हींत फरक काय, हे चार दिवसांत त्यांनी असं पक्कं केलं की बहिणीने फोनवर काहीबाही बरळल्यावर तिलाच झापलं, "दोन्ही एक नव्हे गं, अडाणी कुठली! ट्रान्स ते ओळखीचं झालं, समलिंगी हे ओढीचं." घोडं अडलं ते फक्त ग्रीसच्या ठशापाशी.

कारण बाईंचा धंदाच असा. तीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर बसून सौम्य शब्द वापरत आली. 'शांत स्वभाव' म्हणजे घुम्या. 'स्पष्टवक्ता' म्हणजे भांडकुदळ. 'नोकरीत बदल करतोय' म्हणजे काढून टाकलाय. खरी गोष्ट नेहमी लिहिलेल्या शब्दाच्या शेजारच्या घरात राहते, हे त्यांचं शास्त्र. मग अलैंगिक म्हणजे काय? कुणीच नको असं माणूस असतं का कधी? भूक नसलेलं पोट असतं का? शेजारचे शब्द बघितले. उभयलिंगी नव्हे, मुली तर नाकारतोय. समलिंगी. हात्तिच्या! पोरगं लाजतंय. ताकाला जाऊन भांडं लपवतंय.

त्या रात्री बाई रडल्या. चांगल्या उशी भिजेपर्यंत रडल्या. सकाळी उठल्या, तोंड धुतलं आणि ठरवलं: आहे तर आहे. चारशे लग्नं लावलेली बाई मी, पोटच्या पोराचं जमवताना हात आखडू? आणि त्यांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुठल्याही आईला सुचलं नसतं. मुलाशी चार शब्द बोलायच्या ऐवजी त्यांनी हिरवा डबा उघडला आणि मुलासाठी मुलगा शोधायला बसल्या.

शोधला तोही आपल्या शास्त्राने. दातांचा डॉक्टर, चौतीस वर्षांचा, नीटनेटका. अकरा मुली नाकारल्या आणि एकीचंही धड कारण दिलं नाही. झालं! बाईंना एवढा पुरावा पुरला. त्याच्या आईला फोन करून "रविवारी चहाला या, मुलाला घेऊन या, मनासारखं स्थळ आहे" एवढंच सांगितलं. ती बाई बिचारी नवी साडी नेसून आली. मुलीकडची माणसं कुठे, मुलगी कुठे, म्हणून इकडेतिकडे बघत बसली.

बाईंचा मुलगा बाहेरून आला तो पाना हातात घेऊनच. खोलीत माणसं बघितली आणि उंबऱ्यातच थांबला. बाईंना वाटलं, आता लाजेल. त्या उभ्या राहिल्या.

"मी आडपडदा ठेवत नाही. एक घाव दोन तुकडे. डॉक्टरांना मुली पसंत पडत नाहीत, माझ्या मुलालाही पडत नाहीत. मी सगळं वाचलंय, मला सगळं कळलंय. यात लाजायचं काही नाही. तुम्ही दोघांनी आत बसून बोलून घ्या."

 डॉक्टरच्या तोंडावरचा रंग असा उतरला की बघवेना. त्याची आई आधी हसली. चेष्टा वाटली असणार तिला. मग मुलाकडे वळली, त्याचं तोंड बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

"काय बोलतेय ही बाई? अरे, बोल की! खोटं आहे म्हण!"

 खरं काय नि खोटं काय, ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही, आणि माहीत असायचं कुणाला कारणही नाही. डॉक्टरने हातातला कप ठेवला, आईचा दंड धरला आणि उठला. ती त्याचा हात झिडकारत, बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जिना उतरली. "माझ्या पोराला बदनाम करतेस काय गं! तुझं दुकान बंद नाही पाडलं तर नावाची नाही!" शेजारपाजारच्या खिडक्या पटापट उघडल्या.

बाईंचा मुलगा त्यांच्यामागे धावला. जिन्यात डॉक्टरपुढे हात जोडले. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या आईने माझं घर मोडलं," आणि निघून गेला. मुलगा सावकाश वर आला.

"मी नऊ शब्द लिहिले. एकावर बोट ठेवलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. "तू बोट सोडून सगळं वाचलंस."

"अरे, तुझ्यासाठी मी माझं नाक कापून घेतलं! कुठली आई करते एवढं? सांग, कुठली करते?"

"मी तुला स्थळ मागितलं नव्हतं. कार्ड काढ म्हणालो होतो."

"कुणीच नको असं माणूस नसतं!"

"मी तुझ्यासमोर उभा आहे, आई."

"मग जा! जा त्या दुसऱ्या शहरात! परत तोंड दाखवू नकोस!"

असं माणूस रागात बोलतं. पण लिफ्टवाल्याने ऐकलं ते ऐकलं. दोन शर्ट, पान्यांची पिशवी, बापाचं घड्याळ. मलमाची नवी ट्यूब आईच्या टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी घराची किल्ली ठेवली, आणि गेला.

तीन दिवस बाई फणफणत होत्या. जाऊ दे, अक्कल आली की येईल. धाकट्या बहिणीचा फोन आला तो आपटला. एक आई आपल्या मुलीचं कार्ड परत मागायला आली, तिला दारातूनच वाटेला लावली. चौथ्या दिवशी दुपारी पाय ठणकायला लागला, मलमाकडे बघितलं आणि डोकंच फिरलं त्यांचं. कार्ड काढ म्हणत होतास ना? काढते! फाडूनच टाकते! हिरव्या डब्यातलं सगळ्यांत पुढचं कार्ड त्यांनी ओढलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. फाटेना. जाड पुठ्ठा, त्यात दुमडलेला. कात्रीचं टोक घालून त्यांनी चरफडत एक पीन उचकटली, मग दुसरी. बोटाला लागली, रक्त आलं. घडी उलगडली. तो चौकोन भरलेला होता. बावीस वर्षांच्या पोराचं वळणदार अक्षर.

'आई सांगते म्हणून भरतोय. मला मुलगी नको आणि मुलगाही नको. तसं कुणाबद्दल मला कधी वाटलेलंच नाही. याला काही शब्द असेल तर मला माहीत नाही. आई हे वाचून रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. अपेक्षा एवढीच, की मला इथेच आईजवळ राहू द्यावं.'

खाली सही, आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

बाईंनी ते एकदा वाचलं. परत वाचलं. मग रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडल्या, "अरे मेल्या, मग तोंडाने बोलला का नाहीस!" आणि ओरडता ओरडताच त्यांना आठवलं की तो बोलला होता. सत्तावीस वेळा बोलला होता, या टेबलापाशी उभा राहून.

त्यांनी फोन जवळ ओढला आणि त्याचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचलला नाही.